तीनच्या खेळाच्या दोन पुड्या

माझा जावई पॉपकॉर्न म्हणतो, मी लाह्या म्हणते. वस्तू एकच, फक्त आता त्याच्यावर चीज का काय ते भुरभुरतात. गेल्या उन्हाळ्यात तो मला पनवेलच्या मॉलमधल्या थिएटरात घेऊन गेला. बादलीएवढं खोकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "आई, सिनेमा बघताना माणसं हे का खातात हो? तुम्ही तर आयुष्यभर विकलंत." मी त्याला म्हटलं, गप सिनेमा बघ. पण अंधार झाला, आजूबाजूला कुरकुर सुरू झाली आणि मी खोकं त्याच्या मांडीवर सरकवलं. मध्यंतराला मी त्याला घरी चल म्हणाले. त्याला वाटलं, एसी बाधला.

मी मूळची पेणची. वडिलांची पोह्यांची आणि लाह्यांची भट्टी होती. लग्न होऊन रोह्याला आले ते भट्टीवाल्याच्याच घरात, म्हणजे धुरातून उठून धुरात. रेल्वे रोह्यापर्यंत यायची होती, पण गावाजवळ कंपन्या उभ्या राहिल्या होत्या, हातात पगार खेळायला लागला होता आणि टॉकीजला गर्दी होती. आमच्या ह्यांनी टॉकीजमध्ये लाह्या-फुटाणे विकायचा ठेका घेतला. दोन वर्षांत धुराने त्यांची छाती भरली. मग ते घरी बसून दमाने भाजायचे आणि खिडकीवर मी बसायचे. बसले ती सव्वीस वर्षं.

आता लाही म्हणजे काय ते सांगते, कारण मशीन आल्यापासून कुणाला ठाऊक नाही. लोखंडी कढईत काळी बारीक वाळू तापवायची. त्यात मूठभर मका टाकायचा आणि झाऱ्याने हलवत राहायचं. दाण्याच्या पोटात थोडी ओल असावी लागते. तीच तापते आणि दाणा फोडते. मका कडकडीत वाळलेला असला तर तो नुसता करपतो. जे दाणे फुटत नाहीत त्यांना गणंग म्हणतात. गणंग पुडीत गेला आणि कुणाची दाढ दुखावली तर शिव्या खिडकीवरच्या बाईला. त्यामुळे चाळायचं काम मी कुणाला देत नसे.

आधी टॉकीजमध्ये शेंगा जोरात चालायच्या. पण टरफलांचा इतका खच पडायचा की भिकूकाकांनी झाडायला नकार दिला. भिकूकाका म्हणजे आमचे डोअरकीपर, नदीपलीकडच्या अष्टमी गावचे. तिकीट बघायचे, बॅटरीने जागा दाखवायचे, दोन खेळांच्या मध्ये झाडूही मारायचे. मालकाने शेंगा बंद केल्या. भज्यांचं तेल लुगड्यांना आणि खुर्च्यांना लागायचं, म्हणून भजी बंद. राहिल्या लाह्या. टरफल नाही, डाग नाही, वजन नाही, आणि पोट भरत नाही म्हणून पुन्हा मागतात. जावयाला हवं असलेलं उत्तर खरं म्हणजे एवढंच आहे. लाह्या कुणाला विशेष आवडतात म्हणून टॉकीजमध्ये आल्या नाहीत, बाकीचं सगळं हाकललं गेलं म्हणून राहिल्या.

पण हे झालं विकणाऱ्याच्या बाजूचं. खाणाऱ्याच्या बाजूचं मला भिंतीतून कळलं.

माझी जागा म्हणजे टॉकीजची जुनी तिकीटखिडकी. नवीन खिडकी दुसऱ्या अंगाला झाली आणि ही मला मिळाली. भिंतीत हात जाईल एवढं अर्धगोल भोक, त्यावर दोन गज, आणि मी आत बुटक्या स्टुलावर. समोर टॉकीजची पडवी, उन्हाने उजळलेली. तिथून मला माणूस दिसतच नसे. फक्त हात आत यायचा. मध्यंतराची दहा मिनिटं, आणि उजेडातून एकामागून एक हात येतायत, पैसे टाकतायत, पुडी घेऊन मागे जातायत. वर्षभरात मी माणसं हातांवरून ओळखायला लागले. कंपनीतल्या माणसांची बोटं पिवळी पडलेली असायची. मिठागरावरच्यांच्या तळव्यांना भेगा. एका गुरुजींच्या बोटाला खडू. ते गुरुजी बाजारात भेटले तर मी तोंड ओळखत नसे, त्यांनी पिशवी उचलली की ओळख पटायची.

माझ्या पाठीला जी भिंत होती तिच्यापलीकडे प्रेक्षागृह. सिनेमाचे संवाद मला नीट ऐकू यायचे नाहीत, भिंत ते खाऊन टाकायची. पण लाह्या खाल्ल्याचा आवाज यायचा. तुम्हाला खोटं वाटेल. पाचशे माणसं एकदम खातात तेव्हा भिंतीला एक बारीक खसखस सुटते, आणि ती मला पाठीत लागायची. मारामारीत आवाज वाढायचा, रडारडीत मंद व्हायचा. आणि भुताचा सिनेमा असला की मधेच, एका क्षणात, सगळा बंद पडायचा. पाचशे तोंडं एकदम थांबलेली. बाहेर रखरखीत ऊन, सायकली, चणेवाल्या म्हातारीची हाक, आणि माझ्या पाठीमागे ते गप्प झालेलं अंधारं घर. मला ती शांतता कधी सोसली नाही. मी मुद्दाम डबा आपटायचे. मग कुठेतरी एक लाही कुरकुरायची, मग दुसरी, मग सगळा हॉल सुरू व्हायचा. तेव्हा मला समजलं की अंधारात माणूस खातो तो भुकेने नाही. आपण इथे आहोत आणि शेजारचाही आहे, एवढं कळावं म्हणून खातो.

सुगंधा पहिल्यांदा आली ती अशाच एका दुपारच्या खेळाला. गडब गावची मुलगी, पेणजवळच्या हमरापूरला दिलेली. तिचा नवरा गणपतींच्या कारखान्यात आखणी करायचा. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकी रंग कोणीही देतो, डोळे काढणारा हात कारखान्यात एखादाच असतो. ही दोघं काही कामाने रोह्याला आली होती. परतीच्या एस्टीला वेळ होता म्हणून तीनच्या खेळाला बसली. हे सगळं मला मागाहून कळलं.

मध्यंतराला तो "लाह्या घेऊन येतो" म्हणून उठला. खेळ पुन्हा सुरू झाला तरी आला नाही. तिला वाटलं, अंधारात जागा सापडली नसेल, मागे कुठेतरी बसला असेल. सिनेमा संपला. लोक निघून गेले. ती बसूनच राहिली. भिकूकाकांनी हटकलं तेव्हा उठली.

मी डबे पुसत होते. खिडकीतून एक हात आत आला, बाईचा, काचेच्या हिरव्या बांगड्या. त्यात पैसे नव्हते. तळवा वर करून तो नुसता फळीवर टेकला आणि पलीकडून आवाज आला, "काकी, आमचा माणूस हितं आलता काय?" मी विचारलं, कसा दिसतो? तिने सांगितलं, उंच आहे, निळा सदरा आहे. मी म्हटलं, बाई, मला सदरे दिसत नाहीत. हात मागे गेला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, बरोबर सासरा आणि दीर. रात्रभर वाट बघून, पोलिसात वर्दी देऊन आले होते. सासरा पडवीत उभा राहून मोठ्याने बोलत होता. माझ्या मुलाला हिनेच काहीतरी बोललं असणार, तो हिला टाकून गेला, आता हिला गडबला नेऊन सोडतो, पुन्हा आमच्या दारात नको. सुगंधा माझ्या खिडकीजवळ होती. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होती ती गजाला धरलेली चार बोटं. नखं पांढरी पडली होती इतकी घट्ट धरलेली.

टाकलेली बाई म्हणजे काय, हे आमच्या पिढीच्या बायकांना समजावून सांगायला नको. माहेरी भावाच्या चुलीवर उभं आयुष्य.

मी आतून म्हणाले, "आला होता की. दोन पुड्या घेतल्या त्याने."

सासऱ्याचं बोलणं थांबलं. त्याने वाकून भोकातून आत पाहिलं. विचारलं, तोच कशावरून? आता थापेला टेकू द्यायला हवा होता. गणपतीवाले म्हणून ऐकलं होतं, मी बोलून गेले, "नखांत गुलाबी रंग होता."

म्हातारा पडवीच्या पायरीवर मटकन बसला. "दोन घेतल्यान," असं तो दोन-तीनदा पुटपुटला. मग दिराला म्हणाला, "दोन घेतल्यान म्हंजे परत यायचा व्हता रं त्यो." आणि रडायला लागला. सुगंधाची बोटं गजावरून सुटली.

मला त्या दिवशी फार बरं वाटलं, हे कबूल करते. एक बाई वाचवली असं वाटलं. जेवणही चांगलं गेलं.

त्या एका वाक्यावर सुगंधा हमरापूरला राहिली. नवऱ्याने टाकलेली म्हणून नाही, नवऱ्याची वाट बघणारी म्हणून. कुंकू राहिलं, मंगळसूत्र राहिलं, घरात मान राहिला. पुढे तिने कारखान्यात ब्रश हातात घेतला आणि दोन-तीन वर्षांत ती डोळे काढायला लागली. आणि महिन्यातून एकदा, पगार झाला की, एस्टी पकडून रोह्याला यायची, तीनच्या खेळाला. सिनेमा कुठला आहे ते विचारायची नाही. दोन तिकिटं काढायची. माझ्या खिडकीत हात घालायचा, गुलाबी नखांचा, आणि म्हणायचं, "दोन द्या, काकी."

भिकूकाका सांगायचे, ती त्याच जागी बसते, शेजारची खुर्ची रिकामी ठेवते आणि तिच्यावर एक पुडी. गर्दीच्या दिवशीही त्या खुर्चीवर कोणी बसायला धजत नसे. झाडू मारायला गेलं की दोन्ही पुड्या रिकाम्या. आता भिकूकाकांना जमिनीवरच्या लाह्या बघून कुठे पोर बसलं होतं, कुठे तरणं जोडपं, हे सांगता यायचं. सगळीकडे थोडंफार सांडलेलं असतं. त्या खुर्चीखाली मात्र एक लाही पडलेली नसायची. ते जरा घाबरट होते. तिथे झाडताना रामाचं नाव घ्यायचे. मी त्यांची चेष्टा करायचे, पण त्या खेळाला माझी पाठ मी भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवायचे.

तिसऱ्या का चौथ्या वर्षी एकदा खेळाआधी ती खिडकीशी थांबली. पाऊस होता, गिऱ्हाईक नव्हतं. सहज विचारावं तसं विचारलं, "काकी, त्यांच्या डाव्या आंगठ्याचं नख बघितलंव काय तवा? कोरणी लागून मधोमध फाटलेलं. दोन नखं असल्यावानी."

मी म्हटलं, असेल गं, गर्दीत लक्ष नाही गेलं.

ती बरं म्हणून आत गेली. असं नख माझ्या खिडकीत आलं असतं आणि मी विसरले असते, हे शक्य नव्हतं. तोवर मी स्वतःला सांगत होते की आला असेलही, एवढ्या हातांत कोण लक्षात ठेवतो. आता स्वच्छ कळलं. तो खिडकीवर आलाच नव्हता. बायकोला लाह्या आणतो म्हणून तो सरळ पडवी उतरून चालता झाला होता. आणि ती माझ्यामुळे महिन्याच्या महिन्याला रिकाम्या खुर्चीशेजारी बसत होती.

तिला सांगावं असं दर खेपेला ठरवायचे. तिचा हात आला की दोन पुड्या भरायचे.

तो गेल्याला अशी आठेक वर्षं झाली. मग वैशाखातली ती दुपार आली. माझे केस सगळे पांढरे झाले तरी ती मला काल घडल्यासारखी आठवते. तीनचा खेळ सुरू होऊन अर्धा तास झाला होता. सुगंधा आत होती. नेहमीप्रमाणे तिने दोन घेतल्या होत्या. पडवीत चिटपाखरू नव्हतं. मी उद्याच्या पुड्यांसाठी रद्दी फाडत बसले होते. खिडकीतून पुरुषाचा हात आत आला, डावा. पैसे फळीवर ठेवले. आवाज आला, "दोन."

अंगठ्याचं नख मधोमध फाटलेलं होतं. दोन्ही भाग वेगवेगळे वाढलेले.

 माझे हात सवयीने चालत राहिले. एक पुडी भरली, दुसरी भरली. त्या हातात ठेवल्या तेव्हा तो हात थरथरत होता, त्यामुळे चार-पाच लाह्या फळीवर सांडल्या. बोटं माझ्या बोटांना लागली. थंड होती म्हणावं तर तसं नाही, चारचौघांसारखी उबदार होती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. हात मागे गेला.

माझ्या खोलीला दार मागच्या अंगाला. मी उठले, वळसा घालून पडवीत आले. कोणी नव्हतं. ऊन, सायकली, पायरीवर झोपलेलं कुत्रं. कोणी जवळून गेलं असतं तर ते कुत्रं उठलं असतं, परक्याला ते सोडत नसे. दारावर भिकूकाका पेंगत होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, कोणीही आत गेलेलं नाही. मी खोलीत परत आले. फळीवर सांडलेल्या लाह्या तशाच होत्या. पैसेही होते. मी भिंतीला कान लावला. खसखस चालू होती, नेहमीसारखी.

खेळ सुटला. सुगंधा नेहमीसारखी आली, नळावर हात धुतले, "येते, काकी" म्हणाली आणि एस्टीला गेली. आवाजात फरक नाही. थोड्या वेळाने भिकूकाका खोलीच्या दाराशी आले. त्यांच्या हातात तिच्या रांगेत सापडलेले पुड्यांचे कागद होते. दरवेळी दोन असत. आज चार होते.

"वैनी," ते म्हणाले, "उद्यापासून त्या रांगेत मी झाडू मारणार नाय."

मी ह्यांना काही सांगितलं नाही. सुगंधाला तर नाहीच. काय सांगणार होते? तुझा नवरा आला होता असं आठ वर्षांपूर्वी मी खोटं सांगितलं, आणि आज तो खरंच आला? पुढच्या महिन्याला ती आली. दोन द्या म्हणाली. मी दिल्या.

त्यानंतर आणखी चार वर्षांनी, श्रावण लागायच्या सुमाराला, तिचा दीर आमच्या घरी आला. सासरा तोवर वारला होता. दीर म्हणाला, बारा वर्षं पुरी झाली. भटजींना विचारलं. बारा वर्षं माणसाचा ठाव लागला नाही की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग दहावं-तेरावं. मंगळवारी करतोय. साळीच्या लाह्या हव्यात, वाटेवर उधळायला.

लग्नाला लाह्या लागतात, नागपंचमीला लागतात आणि मयताला लागतात. भट्टीवाल्याला त्यात काही वाटत नाही. फक्त माझी आई पेणला एक पाळायची, तेच मी पाळत आले. एरवी भाजणारा तोंडात दाणा टाकून बघतोच, पण मयताच्या लाह्यांतली एक चाखायची नाही.

मी दिराला सहज विचारावं तसं विचारलं, तुमची खात्री आहे ना? तो म्हणाला, "अहो काकी, तुम्हीच तं सांगितलंव. दोन पुड्या घेतलेला माणूस बायकोला सोडून जाईल काय? त्याचं वाटेतच काय तरी झालं. बाबा मरेपर्यंत तेच सांगत व्हते."

 जिवंत माणसाचा पुतळा जाळणार होते, माझ्या शब्दावर. त्याच्या नावाने पिंड ठेवणार, सुगंधाचं मंगळसूत्र उतरवणार, आणि तो माणूस कुठेतरी चालतोय-फिरतोय, त्याची उबदार बोटं माझ्या बोटांना लागलेली. सोमवारी सकाळी मी लाह्या भाजल्या, पिशवीत भरल्या आणि एस्टीत बसले. सांगायचं ठरवूनच बसले होते. नागोठणं, गडब, पेण, प्रत्येक थांब्यावर वाटायचं की उतरावं आणि परत फिरावं.

हमरापूरला कारखाना म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. आत शिरले आणि थबकले. गणपतीला महिना राहिलेला. फळ्यांवर रांगाच्या रांगा, अंग रंगवलेलं, पितांबर रंगवलेलं, आणि डोळ्यांच्या जागी पांढरं. शेकडो चेहरे माझ्याकडे वळलेले आणि एकालाही दृष्टी नाही. सुगंधा शेवटच्या टोकाला खाली बसली होती. बाकीची माणसं जेवायला गेली होती. ती मांडीवर मूर्ती घेऊन बुबुळ काढत होती, म्हणून वर न बघताच म्हणाली, "बसा, काकी. आता हात उचलला तं रेघ तुटंल."

मी बसले आणि सगळं सांगून टाकलं. तो खिडकीवर आला नव्हता, मी थाप मारली, नखातला रंग मी माझ्या मनाने घातला. पुतळा जाळू नका.

तिचा ब्रश थांबला नाही. रेघ पुरी करून तिने मूर्ती फळीवर ठेवली.

"ठाव हाय," ती म्हणाली. "तवाच ठाव व्हतं. त्यांच्या नखात रंग कुठला असायला? शिमग्यापासनं काम सुटलेलं. हात कापायला लागलेला, काकी. देवाचा डोळा वाकडा जायचा. शेठनी घरी बसवलं. रोह्याला कंपनीत इचारायला गेलतो, तिथं पण नाय म्हणाले. घरच्यांना ठाव नव्हतं, मला एकटीला ठाव व्हतं. तुम्ही गुलाबी रंग बोललाव आणि मला समजलं, ही बाय माझ्यासाठी खोटं बोलत्ये. नखाचं मागनं इचारलं ते, खरंच आले तं तुम्हाला वळखता यावं म्हणून."

 मी म्हटलं, मग आणखी एक ऐक. आणि वैशाखातल्या त्या हाताचं सांगितलं. चार वर्षं गप्प राहिले ते सांगितलं. तो जिवंत आहे गं, म्हटलं.

तिने दुसरी मूर्ती मांडीवर घेतली. ब्रशचं टोक ओठात धरून बारीक केलं.

"आलते," ती म्हणाली. "अंधारात खुर्चीजवळ येऊन उभे राहिले. इचारलं, हितं बसू काय. मी पडद्याकडंच बघत व्हते. म्हटलं, ही जागा आमच्या माणसाची हाय. त्यो लाह्या आणायला गेलाय."

शेडवर पत्रा कडकडला.  मी विचारलं, मग?

"मंग एक खुर्ची सोडून बसले. हातातल्या दोनी पुड्या खाल्ल्या, सगळ्या. आवाज येत व्हता मला. मंग उठून गेले."

"तू बघितलंस तरी का त्याच्याकडे?"

"नाय."

"मग तोच होता कशावरून?"

"सहा वर्षं एका ताटात जेवलोय, काकी. मला बघायला कशाला लागतंय?"

मी तिला म्हटलं, मग उद्या काय करणार आहात तुम्ही? जिवंत माणसाला अग्नी देणार? तिने मूर्ती उजेडाकडे वळवली. मग म्हणाली, "मी ज्याची वाट बघितली त्यो लाह्या आणायला गेलेला माणूस. त्यो काय आला नाय. त्याचंच करतोय उद्या. त्यो दुसरा कोण व्हता ते मला नका सांगू." आणि हात पुढे करून विचारलं, "लाह्या आणल्याव ना?"

मी थांबवायला गेले होते. पिशवी काढून तिच्या हातात दिली. ती उचलून तिने वजन बघितलं, पुरतील म्हणाली, आणि ब्रश रंगात बुडवला.

मंगळवारी मी रोह्यालाच होते. तीनचा खेळ लागला होता आणि मी खिडकीवर बसले होते. तिकडे हमरापूरच्या वाटेवर माझ्या लाह्या उधळल्या जात असणार, आणि तो त्या वेळी कुठेतरी भाकरी मोडत असणार.